सोबत : शर्ट, नग एक

"जगात न निघणारा डाग अस्तित्वात नाही. असतात ती फक्त धीर सोडलेली माणसं."

हे वाक्य भाऊराव गुरुजींनी मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता, जळगाव जामोदच्या आपल्या घराच्या ओट्यावर उभं राहून उच्चारलं. ऐकायला बायको पुष्पाबाई, शेजारच्या मंजुळाबाई आणि ओट्याखाली झोपलेलं एक कुत्रं एवढी सभा होती. वाक्य वजनदार होतं, आवाज खर्जातला होता आणि उजवा हात वर गेलेला होता. हात वर गेल्यामुळे बनियनच्या बगलेखालचा चहाचा डाग सगळ्यांना नीट दिसला. हा डाग गुरुजींच्या निरोपसमारंभातला. चहा शर्ट ओलांडून आत गेला होता. शर्ट पुढे बोहारणीकडे गेला, डाग सात वर्षं घरातच राहिला.

"मंग पह्यले बनियनचा काढा नं," मंजुळाबाई म्हणाल्या.

"बनियन हे प्रयोगाचं साहित्य नाही," गुरुजी म्हणाले.

पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. गुरुजी एरवी घरात सगळ्यांसारखंच वऱ्हाडी बोलत. प्रमाण भाषेत ते फक्त दोन वेळा शिरत, विज्ञान शिकवताना आणि चूक करताना. पस्तीस वर्षांच्या संसारात पुष्पाबाईंना यातला फरक फारसा जाणवला नव्हता.

प्रसंग असा होता की येत्या रविवारी नातवाचं बारसं होतं. लेक अश्विनी बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि बारशाला दुसरबीडहून व्याही रामराव गोतावळ्यासह येणार होते. चार महिन्यांपूर्वी डोहाळजेवणाला रामरावांनी गुरुजींना आहेरात पांढराशुभ्र लिननचा शर्ट दिला होता. लिनन म्हणजे निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या माणसाचं कापड. ते अंगात घातलं की माणूस उगाच लोकांना नमस्कार करायला लागतो. आता व्याह्यानं दिलेलं कापड व्याह्यासमोर अंगावर घालावं, हा काही कायदा नाही. कायदा मोडला तर दंड भरून सुटता येतं. हे मोडलं तर दंड लेक भरते, सासरी, हप्त्याहप्त्यानं.

गुरुजींनी हे एकदा मोडलं होतं. लग्नात रामरावांनी सफारीचं कापड दिलं होतं. सफारी घालून आपण एसटीचे कंट्रोलर दिसतो असं वाटल्यानं गुरुजींनी त्याचे उशांचे अभ्रे शिवून घेतले. पुढे दिवाळीला रामराव आले, दुपारी जेवून आडवे झाले, आणि स्वतःच्याच आहेरावर डोकं ठेवून दोन तास झोपले. उठले ते गालावर शिलाई उमटलेली घेऊन. अभ्र्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. हे काही न बोलणं आठ महिने चाललं. अश्विनीला मात्र जेवणाच्या ताटावर ऐकावं लागे, "सूनबाई, तुमच्या जळगावात उशा लई झाक करतात."

म्हणून अश्विनीनं माहेरी पाऊल टाकल्याबरोबर बजावलं होतं, "बाबा, या खेपेले तेवढा शर्ट घाला. मले आता उशा आयकवत नाहीत."

शर्ट घालायला काहीच अडचण नव्हती. मंगळवारी सकाळी गुरुजींनी तो नुसता अंगाला लावून पाहायला म्हणून मागितला. पुष्पाबाईंनी तो कपाटातून काढला, आणि कोऱ्या कापडाला लावतात तसं खालच्या टोकाला, आतल्या बाजूनं, हळदीचं बोट लावलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. शर्ट पॅन्टीत खोचल्यावर ते देवाला सोडून कोणाला दिसणार नव्हतं.

"हा डाग कोणी पाडला?" गुरुजींनी विचारलं.

"डाग नोहे तो. शकुन हाय."

"पांढऱ्यावर पिवळं म्हणजे डाग. हेतू कोणताही असो."

"खोचल्यावर कोणाले दिसते? तुमी काय इवायासमोर शर्ट वर करून उभे राह्यनार हाय?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की गुरुजी सिद्धान्त मांडतात. सुरुवातीला दिलेलं वाक्य जन्माला आलं ते असं.

गुरुजींनी ओट्यावर बादली घेतली, कपडे धुण्याची वडी घेतली आणि डागावर घासली. पिवळा दाणा बघता बघता लालभडक झाला.

"घ्या," पुष्पाबाई म्हणाल्या, "हळदीसंगं कुंकू बी लागलं."

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण तो लाल रंग पाहून गुरुजींच्या आत सात वर्षं निजलेला विज्ञानाचा तास खडबडून जागा झाला. साबण म्हणजे अल्क. अल्कात हळद लाल होते. आणि आम्लात? "लिंबू आण," ते ओरडले. लिंबू पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा झाला. मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई. पुन्हा करून दाखवा बरं," असं त्या म्हणाल्या, आणि शर्टाचं भवितव्य त्याच क्षणी ठरलं. शिक्षकाला पगार कमी मिळाला तरी चालतो, पण "पुन्हा करून दाखवा" असं म्हणणारा विद्यार्थी नोकरीच्या काळात भेटला नाही तर ती भूक निवृत्तीनंतरही राहते.

गुरुजींनी पुन्हा करून दाखवलं. मग गल्लीतल्या चार बाया आल्या, त्यांना दाखवलं. दूधवाल्याला दाखवलं. साबण, लाल. लिंबू, पिवळा. आपण डाग काढायला बसलो होतो हे दुसऱ्या लिंबानंतर कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. पाचव्या लिंबाला पुष्पाबाई घरातून बाहेर आल्या तेव्हा ज्वारीच्या दाण्याचा हरभरा, हरभऱ्याचा रुपया आणि रुपयाचं थालीपीठ झालेलं होतं.

"बारसं रविवारी हाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

सभा पांगली. एकट्या मंजुळाबाई थांबल्या, कारण त्यांच्याजवळ उपाय होता. उपाय सांगितल्याशिवाय घरी गेलं की त्यांना जेवण पचत नसे. "हळदीले ऊन सोसत नाही, गुरुजी. ओला करून उन्हात टाका. माह्या लग्नातलं पातळ असंच निंगालं होतं."

गुरुजींनी शर्ट ओला करून रस्त्याच्या बाजूच्या फाटकावर पसरला. तिथे ऊन खणखणीत होतं. आणि खरोखर, दुपारी तीनपर्यंत हळद गेली. शर्ट असा पांढरा झाला की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावे. या वेळी शर्ट उचलून घडी करून कपाटात ठेवला असता तर ही गोष्ट इथे संपली असती आणि पुष्पाबाईंचे पुढचे पाच दिवस वाचले असते. पण गुरुजी मंजुळाबाईंना सूर्यकिरणांचं रंगद्रव्यावर काय कार्य होतं ते समजावून सांगत बसले. आपल्या उपायाचं शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मंजुळाबाई अभिमानानं फुलून आल्या होत्या. दोघांचंही फाटकाकडे लक्ष नव्हतं.

आता त्या रस्त्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. गुरुजींच्या गल्लीतला रस्ता सतरा वर्षांपासून मंजूर होता. मंजूर होणं आणि होणं यांच्यामधल्या काळात गल्लीतली पोरं शिकली, नोकरीला लागली, त्यातल्या एकाला तर टक्कल पडलं. लोकांनी रस्त्याची आशा सोडून चपलांची काळजी घ्यायला सुरुवात केली होती. तो रस्ता नेमका त्या मंगळवारी, दुपारी साडेतीन वाजता आला. डांबराची गाडी आली, रोलर आला, आणि सातपुड्याकडून एक वाऱ्याची झुळूक आली. शर्टानं फाटक सोडलं आणि दोन्ही हात पसरून तो गरम डांबरावर पाठ टेकून निजला.

रोलरवाल्यानं रोलर थांबवला हे त्याचे उपकार. कामावरच्या एका बाईनं शर्ट दोन बोटांत धरून आणून दिला. "वाळला का नाही मालूम नाही," ती म्हणाली, "पर चिपकला चांगला." पाठीवर चांगला हातभर काळा पट्टा होता आणि त्यात बारीक गिट्टी जडवलेली होती.

अश्विनी मांडीवर बाळ घेऊन खिडकीतून पाहत होती. ती हसली नाही, रडलीही नाही. बाळाच्या कानात म्हणाली, "आपल्याले आता उशाच हायेत, राजा."

हे वाक्य गुरुजींना लागलं. आत्तापर्यंत प्रश्न शास्त्राचा होता, आता तो बापाचा झाला.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली आणि ठरलं की डांबराला घासलेटच पाहिजे. यावर गल्लीचं एकमत झालं. गल्लीचं एकमत यापूर्वी फक्त नळाला पाणी येत नाही या विषयावर झालेलं होतं. घासलेट मात्र कोणाकडेही नव्हतं. ज्या घरांत कधीकाळी त्याचे डबे होते तिथे आता त्या डब्यांत तुळशी होत्या. रेशन दुकानदार म्हणाला, "गुरुजी, घासलेट बंद होऊन जमाना झाला. पाह्यजेच असन तर वरून परवानगी आना."

वर म्हणजे एक कार्यालय. नाव सांगत नाही, तिथे आणखी बऱ्याच लोकांची कामं अडलेली आहेत. बुधवारी सकाळी गुरुजींनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. विषय : अर्धा लिटर घासलेट मिळणेबाबत. खाली कारण लिहिलं, आणि पुराव्याशिवाय विधान करायचं नाही ही जन्माची सवय, म्हणून शेवटी लिहिलं : सोबत, १) शिधापत्रिकेची प्रत. २) शर्ट, नग एक.

खिडकीमागे राजकुमार बसला होता. तो गुरुजींचा विद्यार्थी. गुरुजींना पाहून तो उठून उभा राहिला, पाया पडला, स्वतःची खुर्ची दिली. मग अर्ज हातात घेऊन त्यानं शिक्का उचलला. अर्जावर थप्प. शिधापत्रिकेवर थप्प. शर्टावर थप्प.

गुरुजी बघतच राहिले. शर्टाच्या खिशाखाली निळ्या शाईत ठसठशीत उमटलं होतं : आवक. त्याखाली राजकुमारनं पेनानं क्रमांक घातला, चारशे बारा, आणि लपेटदार सही केली.

"राजकुमार, हे तू काय केलंस?" गुरुजी प्रमाण भाषेत म्हणाले.

"सर, सहपत्रावर शिक्का नसला की सायब मले बोलते," राजकुमार भाबडेपणानं म्हणाला. "अन् तुमीच शिकवलं होतं नं, समोर जे येईन ते आधी नोंदवा, मंग विचार करा."

शिकवलं होतं. इयत्ता नववी, निरीक्षण व नोंद. इतक्या वर्षांत शिकवलेलं लक्षात ठेवणारं एकच पोरगं निघालं होतं, आणि ते शिक्का घेऊन बसलं होतं.

"बरं, मले तो शर्ट वापस दे."

"आता कसा देऊ? तो रेकॉर्डवर आला." राजकुमारला मनापासून वाईट वाटत होतं. "मूळ सहपत्र वापस पाह्यजे तर दुसरा अर्ज लागते. अन् त्याची झेरॉक्स ठेवा लागते."

"शर्टाची?"

"हाव. स्वसाक्षांकित."

शर्ट सरकारी ताब्यात असल्यानं राजकुमार तो स्वतः हातात धरून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आला. दुकानदारानं काही विचारलं नाही. त्या कार्यालयासमोर दुकान टाकल्यापासून त्यानं आश्चर्य करणं सोडलं होतं. शर्ट काचेवर ठेवला, झाकण दाबलं. कागदावर खिसा, दोन गुंड्या आणि "आवक" एवढं आलं. मागच्या बाजूची काढली ती पूर्ण काळी आली. गुरुजींनी दोन्हींवर "मूळ शर्टाबरहुकूम" असं लिहून सही केली. आयुष्यात त्यांनी हजारो गुणपत्रिकांवर सह्या केल्या होत्या, पण शर्टाच्या नकलेवरची ही पहिलीच सही.

शर्ट शुक्रवारी दुपारी परत मिळाला. सोबत घासलेटचा निकालही आला होता. नामंजूर. कारण, अर्जदाराकडे गॅस आहे.

पुष्पाबाईंनी वाटीत गोडं तेल घेतलं, चिंधीनं डांबरावर हळूहळू चोळलं, आणि तासाभरात डांबर सुटलं. गुरुजी बाजूला बसून पाहत होते.

"तुले हे माहीत होतं?"

"हाव."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं होतं काय? तुमी तं अर्ज लिहून राह्यले होते."

डांबर गेलं खरं, पण पाठीवर आता तेलाचा पिवळट तलाव होता आणि समोर चारशे बारा नंबर. गुरुजींनी हळूच लिंबाकडे हात नेला, तर फडताळाला कुलूप होतं. साबण, सोडा, लिंबू, मीठ, व्हिनेगर, सगळं आत आणि किल्ली पुष्पाबाईंच्या कमरेला. दोन दिवस त्या घरात अंघोळीलाही साबण मागून घ्यावा लागला.

शनिवारी सकाळी नवराबायको बाजारात बद्रुद्दीन रंगाऱ्याकडे गेले. बद्रुद्दीनच्या तीन पिढ्या त्याच भट्टीवर ओढण्या, साड्या आणि फेटे रंगवत आल्या होत्या. त्याचे हात कोपरापर्यंत कायम कालच्या रंगाचे असत. त्यानं शर्ट उलगडला, पाठ पाहिली, पोट पाहिलं आणि बायकोला हाक मारली. सरवरीबींनी शिक्का वाचला आणि मागे सरकल्या. "अल्ला. ये तो सरकारी माल है. अपने कू नको."

मग गुरुजींनी सगळी हकीकत सांगितली. बद्रुद्दीन मध्ये एकदाही हसला नाही. त्यासाठी तो दोन वेळा भट्टीमागे जाऊन आला.

"गुरुजी," तो म्हणाला, "डाग काढायचं काम आपल्याकळे नाही. आपल्याकळे डागाले सोबत भेटते. अख्खा शर्टच एका रंगाचा झाला तर डाग कोणाले म्हनता? काळा करून देऊ?"

"बारशाले काळा?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"मंग वांगी. आज हंड्यात वांगीच उकळून राह्यली."

शर्ट आधी सोड्यात उकळला, मग वांगी रंगात बुडाला. संध्याकाळी हातात आला तेव्हा तो भरताच्या वांग्यासारखा तकतकीत जांभळा झाला होता. फक्त शिलाई पांढरीची पांढरी राहिली होती. गळा, खिसा, बाह्या, सगळीकडून पांढऱ्या धाग्याच्या रेघा अशा ठळक दिसत होत्या की जणू शर्टाचा नकाशा काढलाय.

"धागा पॉलिस्टरचा," बद्रुद्दीन म्हणाला. "रंग घेत नाही. त्याचं इमान अलग."

घरी येताना गुरुजी म्हणाले, "रामरावले मी खरं सांगून टाकतो. अगदी पह्यल्यापासून. हळदीपासून."

"सांगा," पुष्पाबाई म्हणाल्या. "पन घातला तं तोच नं? आहेर घाला म्हनतात, पांढराच घाला असं कोणी म्हनत नाही."

गुरुजी चालता चालता थांबले. बायकोकडे त्यांनी इतक्या आदरानं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, शुक्रवारी, गोड्या तेलाच्या वेळी.

रविवारी अकरा वाजता दोन गाड्या नव्याकोऱ्या डांबरी रस्त्यावरून थेट दारात आल्या. रामराव उतरले. उंच, मिशा पिळलेल्या, नजर कपड्यावरून सुरू होऊन चेहऱ्यापर्यंत जाणारी. गुरुजी जांभळ्या शर्टात पुढे झाले. अश्विनीनं खिडकीतून बघून डोळे मिटले. रामरावांची नजर गळ्यापासून खिशापर्यंत आणि खिशापासून बाह्यांपर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

"भाऊराव," ते म्हणाले, "शर्ट लई भारी हो. जांभळ्यावर पांढरी शिलाई. पुण्याकडची फॅशन दिसती."

गुरुजींना हा टोमणा वाटला. उशांच्या वेळीही सुरुवात अशीच कौतुकानं झाली होती. ते कसंबसं म्हणाले, "नाही, इथलाच हाय."

बारसं थाटात झालं. बायांनी पाळणा म्हटला, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि पाठीवर धपाटे खाल्ले. बाळाचं नाव ऋत्विक ठेवलं. मंजुळाबाईंनी घुगऱ्या वाटता वाटता दुसरबीडच्या प्रत्येक बाईला लाल-पिवळ्याचा प्रयोग तोंडी सांगितला, पण कोणत्या कापडावर ते पुष्पाबाईंच्या डोळ्यांकडे बघून गाळलं. गुरुजींचं मात्र कशात लक्ष नव्हतं. आतल्या आत भाषण जुळत होतं. पंगत उठली तशी त्यांनी हिंमत केली आणि व्याह्यांना मागच्या अंगणात नेलं. अश्विनी बाळाला घेऊन दारामागे येऊन उभी राहिली.

"रामराव, तुम्ही दिलेल्या त्या पांढऱ्या शर्टाविषयी मला काही निवेदन करायचं आहे," गुरुजी शुद्धात सुरू झाले.

रामरावांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "म्हणजे तुम्हाला कळलं व्हय?"

"काय?"

"मला वाटलंच. तुम्ही आज घातला नाही, तवाच वळखलं मी." रामरावांनी गुरुजींचा हात धरला. त्या मिशांच्या माणसाचा आवाज इतका खाली आलेला गुरुजींनी कधी ऐकला नव्हता. "भाऊराव, मनात ठिवू नका. माझीच चूक. डोहाळजेवणाच्या गडबडीत पिशव्यांची अदलाबदल झाली. तो लिननचा आमच्या बीबी गावच्या दाजींसाठी घेतला व्हता. अन् तुमचा गेला त्यांच्याकडं. चार महिने झाले, दाजी माझ्याशी बोलत नाहीत. बहिणीला माझ्या घरी पाठवीत नाहीत. अन् तुमचा कपडा तुम्हाला न देता मी वर तोंड करून सूनबाईला उशांवरून बोलत आलो. आजपसून त्या उशांचं नाव काढणार नाही, शपथ."

दारामागं बांगड्या वाजल्या. अश्विनीनं बाळाचा एवढ्या जोरात मुका घेतला की ते रडायला लागलं.

रामरावांनी काखेतली पिशवी पुढं केली. "हा तुमचा खरा आहेर. दाजींकडून, मधी माणूस घालून, मागून आणलाय." आत घडीचा, तपकिरी, चौकटीचा, अगदी साधा शर्ट होता, आणि त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट होतं. गुरुजींना तो जगातला सगळ्यात सुंदर शर्ट वाटला. भाषण विरून गेलं. ते म्हणाले, "रामराव, शर्टाचं काय घेऊन बसले? इवाई मोठा का शर्ट मोठा?"

"तुम्ही देवमाणूस." रामरावांनी डोळे पुसले. मग जरा घुटमळले, आणि गुरुजींच्या जांभळ्या बाहीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "तेवढा तो पांढरा आणून देता का? जाता जाता बीबीला दाजींकडं टाकतो. अन् एक सांगतो, धुवू-बिवू नका बरं का. जसा असंल तसाच द्या."